माळ्यावरची थोरली

“थोरलीची पानं गळतात आणि झाडू मारायची बंदी मात्र मला,” माइदा कुरकुरत होती. “अक्षर जमिनीवर पडलं म्हणे. पाय लागला तर पाप, केरसुणी लागली तर त्याहून मोठं पाप. मग चुलीपाशी जाऊ कशी मी? उडत?”

“हातानं वेचून घे ना,” तिची धाकटी बहीण जुस्ना म्हणाली.

“तूच वेच. तुझे गुडघे अजून शाबूत आहेत.”

मित्रांनो, ज्या थोरलीवरून हे चाललं होतं, ती मी. मी एक जुनी, हातानं लिहिलेली किताब आहे. सुमात्रा बेटावरच्या केरिन्ची खोऱ्यात, सरोवराकाठच्या गावात, एका लांबलचक लाकडी घराच्या माळ्यावर, आढ्याला टांगलेल्या पेटीत मी राहते. राहते म्हणजे काय, पडून असते. माझ्या कडा कसरीनं खाल्ल्या आहेत. पेटीला खालून भोक पडलं आहे आणि फळ्यांच्या फटींतून माझे कपटे त्या दोघी बहिणींच्या स्वयंपाकघरात गळतात. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी एवढंच म्हटलं असतं, की बायांनो, वेचताय तर जरा वाचाही.

पण मला तोंड नाही. माझ्याकडे जे सांगण्यासारखं आहे ते सगळं माझ्या पोटात लिहिलेलं आहे, आणि पोट उघडून बघायची इथे पद्धत नाही.

माझा जन्म याच गावातला. कागद मात्र दूरदेशीचा. तो जहाजातून पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि हमालांच्या पाठीवर बसून डोंगर ओलांडून इकडे आला. वाटेत जळवांनी हमालांना शोषून काढलं. त्यातल्या एकाच्या रक्ताचा ठिपका माझ्या पहिल्या पानावर अजून आहे. लोक त्याला पवित्र खूण समजतात. असो.

मलिम बुंगसू नावाच्या गुरुजींनी मला लिहिलं. दिव्याची काजळी डिंकात घोटून त्यांनी शाई केली, रानातल्या नेच्याच्या काडीची लेखणी केली, आणि हरणाच्या कातड्याचं वेष्टण शिवलं. त्यांचं अक्षर काही फार सुंदर नव्हतं. ओळ डावीकडे जाता जाता खाली उतरायची, आमच्या भाताच्या खाचरांसारखी. पण ते लिहीत होते पोराबाळांसाठी, आणि पोराबाळांना कळेल असंच लिहीत होते. नमाजाआधी हातपाय कसे धुवायचे, रोजा कशानं मोडतो आणि कशानं मोडत नाही, मयताला आंघोळ कशी घालायची, शेजाऱ्याच्या झाडाचं फळ आपल्या अंगणात पडलं तर काय करायचं. रोजच्या जगण्यातला धर्म. आणि हे सारं त्यांनी गावच्या बोलीत लिहिलं. अक्षरं अरबी, भाषा घरची, मलय. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं दुःख तिथूनच सुरू होतं.

सुरुवातीचे दिवस मात्र सुखाचे गेले. मी मांडीवर वाढले. संध्याकाळी गावच्या नमाजघरात मुलं-मुली माझ्याभोवती दाटीनं बसायची आणि मोठ्यानं वाचायची. त्यांच्या बोटांना हळद असायची, सरोवरातल्या मासळीचा वास असायचा. एका शेळीनं माझा एक कोपरा खाल्ला. सोइमा नावाच्या मुलीनं एका पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहून ठेवलं, “आज मी इथवर आले. भूक लागली आहे.” गुरुजींना ते दिसलं. त्यांनी खोडलं नाही. उलट घरी जाऊन तिच्यासाठी बांबूत शिजवलेला चिकट भात घेऊन आले. किताबीला एवढंच हवं असतं, मित्रांनो. कुणीतरी इथवर यावं, त्याला भूक लागावी, आणि त्यानं पुन्हा उद्या यावं.

मग गुरुजी गेले. गावात शाळा निघाली, तिथे वेगळी अक्षरं शिकवू लागले, आणि पोरं स्वतःची बोली त्या नव्या अक्षरांत लिहू लागली. अरबी अक्षरं उरली फक्त कुराण वाचण्यापुरती. बघता बघता लोकांच्या डोक्यात एक गाठ पक्की बसली, की अरबी अक्षर दिसलं म्हणजे ते कुराणच. त्याला वजू केल्याशिवाय, म्हणजे हातपाय-तोंड धुतल्याशिवाय, हात लावायचा नाही, आणि ते कळण्यासाठी नाही, मान देण्यासाठी आहे.

पुढे गावाला आग लागली. एका बाईनं भांडीकुंडी टाकून मला उराशी धरलं आणि बाहेर काढलं. तिचे मी उपकार मानते. पण तिच्या नंतरच्या पिढीचे मानू का, ते मला ठरवता येत नाही. झालं असं, की पलीकडच्या घराण्यानं आगीतून एक भाला वाचवला होता, कुठल्याशा राजानं त्यांच्या पूर्वजाला दिलेला. गावजेवणात ते पहिल्या पंगतीला बसू लागले. “आणि तुमच्याकडे हो काय आहे?” असं त्यांनी आमच्या लोकांना विचारलं. आमच्यातल्या कुणीतरी घशाला कोरड पडायच्या आत उत्तर दिलं, “आमच्याकडे मक्केहून आलेलं कुराण आहे.”

झालं. त्या दिवसापासून मी थोरली.

मला पिवळ्या कापडात गुंडाळलं. त्यावर दुसरं कापड, त्यावर तिसरं. पेटीत घालून आढ्याला टांगलं, म्हणजे कुणाचं डोकं माझ्याहून उंच व्हायला नको. मला खाली उतरवायचं तर म्हैस कापून गावजेवण घालायचं, असा नेम झाला. म्हैस काही कुणाला रोज परवडत नाही. तेव्हा मी वर्षानुवर्षं वरच. खालून लोबानाचा धूर यायचा, चुलीचा धूर यायचा. मी खोकत असे, म्हणजे खोकता आलं असतं तर.

उतरवलं की काय करायचे? माझ्यावरून ओतलेलं पाणी आजाऱ्याला पाजायचे. माझ्यावर हात ठेवून शपथा घ्यायचे. एकदा दोन भावांनी एका बदकावरून अशी शपथ घेतली. दोघंही खोटं बोलत होते. बदक तिसऱ्याचंच होतं. आणि घराण्याचा देपाती, म्हणजे आमचा मुख्य, मला उघडून सगळ्यांसमोर वाचायचा.

वाचायचा, असं म्हणायची पद्धत आहे.

आमच्याकडे घर आयांचं, आईकडून लेकीला जाणारं, आणि शब्द मामाचा. सध्याचे देपाती म्हणजे माइदा-जुस्नाचे सख्खे मामा, रुश्दान. उंच, ताठ, दालचिनीची साल सोलून हातांना कायमचा वास लागलेला माणूस. ते मला उघडतात, माझ्या एका ओळीवर बोट ठेवतात, आणि तोंडानं कुराणातला पहिला अध्याय म्हणतात. तो इथे शेंबड्या पोरालाही पाठ असतो. बोट माझ्या ओळीवरून सरकतं, तोंड स्वतःच्या वाटेनं जातं, दोघांची गाठ कधी पडत नाही. मग सगळे मान डोलावतात आणि मला मिटतात.

तुम्हाला सांगते, जीव तुटतो. हीच माणसं रोज संध्याकाळी माझ्या खाली बसून कुराण वाचतात. अक्षर अन् अक्षर येतं त्यांना. अर्थ कळत नाही, पण अक्षर येतं. आणि मी तर त्यांच्याच भाषेत आहे. मला काना-मात्रा दिलेल्या नाहीत एवढंच, थोडं अडखळावं लागतं. पण एक ओळ जरी कुणी मोठ्यानं जुळवली असती तर स्वतःच्याच आजीचा आवाज ऐकू आला असता. कुणी जुळवली नाही. निदान मला तसं वाटत होतं.

आणि आता हे कपटे.

मामांच्या कानावर गेलं, की थोरलीचे तुकडे गळून स्वयंपाकघरात पडतात. ते गावच्या इमाम साफींकडे गेले. इमामांनी मला न बघताच सांगितलं, कारण बघायचं तर म्हैस लागते. ते म्हणाले, “कुराण इतकं जीर्ण झालं की वाचता येईना, तर पांढऱ्या कापडात गुंडाळून, जिथे पाय पडत नाहीत अशा जागी पुरावं. तसंच ठेवून विटंबना होऊ देऊ नये.” त्यांचं काही चुकलं नाही. कुराणाला हाच नियम आहे.

मामा घरी आले आणि सांगून टाकलं, “येत्या शुक्रवारी थोरलीला पुरायचं. पेटीत नवीन कुराण ठेवू. सोनेरी कडांचं, पडांग शहरातून आणलंय मी.”

मला पुरणार. तेही मान देऊन.

त्या दुपारी जुस्ना कपटे वेचत होती. या वेळी कपटा नव्हता, अर्धं पानच गळलं होतं. तिनं ते ताटलीत ठेवलं, उचलून खिडकीशी नेलं आणि धूळ फुंकली. मग तिचे ओठ हलायला लागले. एक अक्षर, दुसरं अक्षर, पुन्हा मागे, पुन्हा पुढे.

“स्वयं-पाक करणाऱ्या बाईनं,” जुस्ना वाचत होती, “रोजा असताना कालवणाचं मीठ... जिभेच्या टोकावर पाहिलं... तर चालतं. गिळू नये.”

ती थांबली. मग एकटीच हसली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली. कारण हे वाक्य तिच्या आईचं होतं. रमजानात आई चुलीपाशी पळी जिभेला लावून अगदी हेच म्हणायची, याच शब्दांत.

किती काळानं मला कुणी वाचलं होतं. आणि वाचलं तेव्हा खड्डा खणायची तयारी चालू होती. याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

जुस्ना पान घेऊन माइदाकडे गेली. “ताई, हे कुराण नाहीये. हे आपल्या बोलीत आहे.”

माइदानं मिरच्या वाटायचं थांबवलं नाही. “ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे?”

“आईला ठाऊक होतं, आजीला ठाऊक होतं. तूच घरात सगळ्यात उशिरा उठलीस.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलून काय करू? पलीकडच्यांकडे राजाचा भाला आहे. आपल्याकडे काय म्हणून सांगायचं, कालवणाचं मीठ?” तिनं वरवंटा आपटला. “आणि तू पण बोलू नकोस. पोरीचं लग्न ठरायचंय माझ्या. मक्केच्या कुराणाचं घराणं म्हणून स्थळं येतात.”

“ताई, तिला पुरताहेत.”

“पुरू देत. पडलेले कपटे वेचून कंबर गेली माझी.” असं म्हणाली खरी, पण पानावर मिरची उडू नये म्हणून कोपरानं जुस्नाचा हात मागे सारला.

जुस्ना मग मामांकडे गेली. ते अंगणात दालचिनीच्या साली वाळत घालत होते. तिनं अर्धं पान त्यांच्यापुढे धरलं आणि वाक्य वाचून दाखवलं.

“तुला नीट वाचता आलं नाही,” मामा म्हणाले.

“मामा, माझ्या आईचं वाक्य आहे ते. तुमच्या बहिणीचं.”

“मग तिनं कुराणातून घेतलं असेल.”

“कुराण अरबीत आहे. आईला अरबी कुठे येत होती? स्वतः जरा बघा तरी.”

मामांनी पानाकडे बघितलं नाही, आकाशाकडे बघितलं. “पाऊस येणार. साली आत घे.”

आकाशात ढगाचा एक ठिपका नव्हता. जुस्नानं साली आत घेतल्या.

मला तेव्हा कळलं, मित्रांनो. मामांना पहिल्यापासून ठाऊक होतं. इतकी वर्षं बोट ठेवून ठेवून त्यांच्या डोळ्यांनी कधीतरी ओळ जुळवली असणारच. त्यांच्या आधीच्या मामांनाही ठाऊक असणार. एकेकट्यानं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एकत्र बसले की कुणालाच नव्हतं. मी पुरली गेले, पेटीत खरं कुराण आलं, की थापही माझ्याबरोबर जमिनीत जाणार. उद्यापासून आमचं घराणं खरं बोलणारं होणार. हिशेब छान होता. फक्त त्यात मी मरत होते.

शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर मला खाली आणलं. वाचायला उतरवायचं तर म्हैस लागते, पुरायला कोंबड्यांवर भागलं. जुस्नानं मला दोन्ही हातांवर घेतलं होतं. माझ्या पेटीची राखणदारीण तीच, तेव्हा न्यायचा मान तिचाच. प्रत्येक पावलाला माझी थोडी धूळ तिच्या पोलक्यावर सांडत होती.

तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मला बोलायला मिळेलच असं नाही. तुमच्याही घरात असं काहीतरी असेल. आजोबांच्या ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, कपाटावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. वर्षातून एकदा तुम्ही त्याला फूल वाहत असाल, नमस्कार करत असाल. कृपा करून एकदा उघडा. लिपी येत नसेल तर येणाऱ्याला बोलवा. आत काय निघेल याची भीती वाटते, मला माहीत आहे. कदाचित फार मोठं काही निघणार नाही. माझ्यात तरी काय आहे, मिठाची गोष्ट. पण ती कुणीतरी काजळी घोटून, पाठ मोडून, तुमच्यासाठी लिहिली आहे. धूप नका घालू. धुरानं कागद काळा पडतो. कोरड्या जागी ठेवा, उन्हापासून लांब, आणि अधूनमधून पान उलटा. एवढं केलंत तरी आमची जात जगेल.

मशिदीच्या मागे, सुपारीच्या झाडांखाली खड्डा तयार होता. पांढरं कापड पसरून धरलेलं होतं. सगळं घराणं जमलं होतं. पलीकडच्या घराण्याची माणसंही आली होती, सांत्वनाला. सांत्वन फुकट असतं आणि नंतर जेवण मिळतं.

“पानं सगळी आहेत ना बघू,” इमाम साफी म्हणाले. “अर्धवट पुरता येत नाही.” त्यांनी जुस्नाच्या हातून मला घेतलं आणि उघडलं. एक पान बघितलं. दुसरं बघितलं. मग त्यांनी मामांकडे बघितलं, आणि मामांनी सुपारीच्या शेंड्याकडे.

“अक्षर फारच जुनं आहे,” इमाम म्हणाले. “माझा चष्मा घरी राहिला.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

“देपातींनी शेवटचं वाचावं,” असं म्हणून त्यांनी मला गरम भांडं द्यावं तसं मामांच्या हातांत दिलं.

मामांनी मला मध्यावर उघडलं. नेहमीसारखं बोट ठेवलं. डोळे मिटले आणि पहिला अध्याय म्हणायला सुरुवात केली. त्यांचा आवाज चांगला आहे, खोटं का बोला. बोट ओळीवरून सरकत होतं. जुस्ना त्यांच्या खांद्याशी उभी होती. तिनं त्या बोटाकडे बघितलं. मग ती वाकली आणि त्यांच्या आवाजाखालून, अडखळत, बोटामागोमाग वाचायला लागली.

“मांजर... भांड्यातलं पाणी प्यालं,” जुस्ना वाचत होती, “तर ते पाणी... बाटत नाही. कारण मांजर... घरात वावरणारंच आहे.”

मामांचा आवाज मध्येच तुटला. बोट मात्र ओळीवरच राहिलं.

मागे कुणाला तरी हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. पलीकडच्या घराण्यातली एक म्हातारी पुढे सरकली. “हे तर माझी आजी म्हणायची,” ती म्हणाली. “मांजरानं घागरीत तोंड घातलं की हेच म्हणायची. अगदी असंच. पुढे काय आहे ग?”

“ती अर्थ सांगतेय,” इमाम घाईघाईनं म्हणाले. “कुराणाचा अर्थ.”

“कुराणात मांजर कुठल्या अध्यायात आहे, इमामसाहेब?” माइदानं विचारलं. तिच्या शेजारी तिची लग्नाची मुलगी उभी होती. तिनं आईची बाही ओढली. माइदानं ती सोडवून घेतली.

इमामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कापड धरून उभ्या असलेल्या माणसांनी कापडाकडे बघितलं. सगळे मामांची वाट बघत होते, आणि मामांच्या बोटाखाली माझी ओळ धडधडत होती. म्हणजे धडधडत तेच होते, मला ते कागदातून कळत होतं. त्यांनी डोळे उघडले. बोट मागे, उजवीकडे, ओळीच्या सुरुवातीला नेलं. मग ओठ न हलवता सगळी ओळ शेवटपर्यंत वाचली. मी सांगते, वाचली. इतक्या वर्षांत सगळ्यांसमोर पहिल्यांदा त्यांचं बोट आणि त्यांचे डोळे एकाच वाटेनं गेले.

“तो खड्डा बुजवा,” मामा म्हणाले. “हे कुराण नाही.”